उद्याचे जग आणि शिवणाचे यंत्र

आमच्या घरी शिवणाचे एक जुने यंत्र आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी हप्त्यांवर घेतलेले. मुलांची झबली, मुलींचे परकर, उशांचे अभ्रे, हौशी नाटकात काम करणाऱ्या एका मेहुण्याचा पेशवाई अंगरखा अशी नाना कामे त्याने निमूटपणे केली. पुढे तयार कपड्यांचे दिवस आले आणि त्याच्या पाठीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग येऊन बसला. गेल्या दिवाळीच्या सुटीत मात्र या यंत्राला अचानक तेविसाव्या शतकातले काम मिळाले.

झाले असे, की आमची नात निळे कापड घेऊन आली आणि आजीच्या पुढ्यात बसली.

"आजी, मला असा सदरा शिवून दे ना. मुंबईला कॉमिक कॉन आहे, तिथे घालायचाय."

तिने चित्र पुढे केले. निळा सदरा, काळा गळा, बाह्यांवर सोनेरी पट्ट्या. आणि त्या सदऱ्यात टोकदार कानांचा, तिरप्या भुवयांचा एक गंभीर गृहस्थ.

"हे कसलं गं सोंग?" सौ.ने चष्मा पुसत विचारले.

मी वर्तमानपत्र खाली ठेवले. "सोंग कसलं! हा स्पॉक."

देवघरातला बाळकृष्ण एकाएकी इंग्रजी बोलू लागावा, तसे नातीने माझ्याकडे पाहिले. मग मला माळ्यावरची ट्रंक उतरवणे भागच पडले. तिच्या तळाशी, जुन्या पत्रिका आणि भावंडांची पत्रे यांच्याखाली, ते पुस्तक होते. जेम्स ब्लिश यांचे 'स्टार ट्रेक'. कव्हर निम्मे गेलेले, पाने तपकिरी झालेली. १९७४ साली, कॉलेजात असताना, मुंबईच्या फोर्टातल्या फुटपाथवर ते मी घेतले होते. त्या काळी मुंबईत दूरदर्शन येऊन दोन वर्षे झाली होती. पण ही मालिका मला दिसायला आणखी पुष्कळ वर्षे जायची होती. म्हणजे सिनेमा न पाहताच त्याची थिएटरात मिळणारी चोपडी पाठ करणाऱ्यांतला मी! स्पॉकचा आवाज कसा, यानाचा दरवाजा उघडताना काय वाजते, हे सारे मी आपले मनानेच ठरवून टाकले होते. वडिलांनी एकदा ते पुस्तक उचलून पाहिले आणि "याने पोट भरणार आहे का?" एवढेच विचारले. त्यांना द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुस्तक ट्रंकेत गेले.

"आजोबा, तुम्ही ट्रेकी होतात, आणि आम्हाला बोलला नाहीत?"

या अनपेक्षित पदवीने मी फुगलो. आणि फुगलेला आजोबा जे करतो तेच केले. इतिहास सांगायला बसलो. म्हटले, असे भविष्यकाळातले कपडे घालून संमेलनाला जाणारा पहिला माणूस कोण, ठाऊक आहे? फॉरेस्ट ॲकरमन. साल १९३९. न्यूयॉर्क. हिरवी पाठझूल आणि चोळणा घालून तो—

"शिवला कुणी?" तोंडात टाचण्या धरून सौ.ने मध्येच विचारले.

"काय?"

"त्या माणसाचा झगा हो. शिवला कुणी?"

मला सांगता येईना. ती वेंगुर्ल्याकडची. दशावतारातल्या राजाचा रंग, मुकुट आणि झगा रात्रभर कसे टिकवावे लागतात, हे लहानपणी पडद्यामागून पाहिलेली. सोंग पाहिले की तिला आधी टीप दिसते. तिचा तो प्रश्न घेऊन मी पुस्तकांत शिरलो, आणि जे सापडले ते वाचकांपुढे ठेवतो आहे.

* * *

या साऱ्या वेडाचे मूळ एका टपालपेटीत आहे. ह्यूगो गर्न्सबॅक नावाचा लक्झेंबर्गचा एक तरुण १९०४ साली अमेरिकेत आला. विजेची उपकरणे, रेडिओचे सुटे भाग, त्यांवरची मासिके असे उद्योग करता करता त्याने एप्रिल १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक काढले. केवळ विज्ञानकथांना वाहिलेले हे इंग्रजीतले पहिले मासिक. कागद भरड, चित्रे भडक. शाळामास्तरांनी पोरांच्या दप्तरातून हिसकावून घ्यावे असेच त्याचे रूप.

गर्न्सबॅकने वाचकांची पत्रे छापली, आणि पत्रांखाली लिहिणाऱ्यांचे पूर्ण पत्ते छापले. एवढ्याशा गोष्टीने मोठे काम केले. मंगळावर माणूस कसा पोचेल या विचाराने रात्र रात्र जागणारा मुलगा आपल्या गावात एकटाच असे; त्याला आता कळले, की दोन गावे पलीकडे दुसरा तसाच वेडा राहतो आणि त्याचा घर क्रमांक अमुक. पत्रे सुरू झाली. पत्रांतून मंडळे निघाली. मंडळांनी स्वतःची मासिके काढली. मे १९३० मध्ये शिकागोच्या मंडळाने 'द कॉमेट' काढले; अशा हौशी मासिकांतले ते पहिले मानतात. आपल्याकडे शाळा-कॉलेजांतून सायक्लोस्टाइलवर अंक निघत, त्याच जातीचा हा प्रकार. शाईने बोटे काळी, अक्षरे अर्धी पुसलेली आणि संपादकाचा उत्साह आभाळाला टेकलेला.

त्या हौशी अंकांना कमी लेखू नये. क्लीव्हलंड शहरातल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन शाळकरी मित्रांनी जानेवारी १९३३ मध्ये आपल्या अशाच अंकात 'द रेन ऑफ द सुपरमॅन' या नावाची एक कथा छापली. त्यातला नायक खलनायकच होता. पोरांनी तो पुन्हा नव्याने घडवला आणि १९३८ साली तो चित्रमासिकात अवतरला. पुढचे घरोघरी ठाऊक आहे.

पत्रांनी ओळखी झाल्या की भेटावेसे वाटणारच. ३ जानेवारी १९३७ रोजी इंग्लंडात लीड्स येथे थिऑसॉफिकल हॉलमध्ये विज्ञानकथेचे वाचक जमले. सगळे मिळून वीसही नसतील. त्यांत एकोणीस वर्षांचा एक कारकून होता; त्याचे नाव आर्थर क्लार्क. अमेरिकन म्हणतात, आमच्या फिलाडेल्फियाची बैठक त्याआधी ऑक्टोबर १९३६ मध्ये झाली, तेव्हा पहिला मान आमचा. ब्रिटिश म्हणतात, तुमची ती सहज गाठभेट होती, आमचे रीतसर संमेलन. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटावा असे कोणाच्या मनात असेलसे वाटत नाही.

* * *

आता न्यूयॉर्क. १९३९ च्या उन्हाळ्यात तेथे जागतिक प्रदर्शन भरले होते आणि त्याचे घोषवाक्य होते 'उद्याचे जग'. हाच मुहूर्त साधून २ ते ४ जुलै या दिवसांत विज्ञानकथेचे पहिले 'जागतिक' संमेलन भरवण्यात आले. जागतिक हा शब्द त्या प्रदर्शनावरून आलेला. माणसे जमली सुमारे दोनशे, आणि जवळजवळ सगळी अमेरिकन. 'अमेझिंग स्टोरीज'ची मुखपृष्ठे रंगवणारे फ्रँक पॉल हे मानाचे पाहुणे होते.

संमेलन म्हटले की वाद आलाच, हे मराठी वाचकाला मी सांगायला नको. संयोजकांनी विरोधी गटातल्या सहा तरुणांना दारातच अडवले. कारण राजकारण, पत्रके आणि जुनी भांडणे. त्या अडवलेल्यांत फ्रेडरिक पोल, डॉनल्ड वोलहाइम आणि सिरिल कॉर्नब्लुथ होते. पुढे पोल आणि वोलहाइम या क्षेत्रातले मोठे संपादक झाले, तर कॉर्नब्लुथ नाणावलेला लेखक. एकोणीस वर्षांच्या आयझॅक असिमॉव्हला मात्र आत जाता आले. त्याची पहिली कथा त्याच वर्षीच्या मार्चच्या अंकात छापून आली होती. लॉस एंजेलिसच्या रस्त्यात वर्तमानपत्रे विकणारा रे ब्रॅडबरी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा उसन्या पैशांवर तिथवर पोचला होता. पैसे उसने दिले होते ॲकरमनने.

हाच तो ॲकरमन. वय बावीस. 'थिंग्ज टु कम' हा एच. जी. वेल्स यांच्या कथेवरचा चित्रपट १९३६ मध्ये आला होता. त्यातले आणि फ्रँक पॉल यांच्या चित्रांतले भविष्यातले पोशाख डोळ्यांपुढे ठेवून केलेला वेष घालून तो त्या सभागृहात आला. रस्त्यातली पोरे त्याला पाहून बक रॉजर्सच्या नावाने ओरडत होती, असे तो पुढे सांगत असे. बाकी सर्व मंडळी कोट-टायमध्ये. दोनशे माणसांत भविष्यकाळातून आलेले दोघेच होते. एक ॲकरमन आणि दुसरी त्याच्याबरोबर आलेली मर्टल डग्लस.

आमच्या सौ.च्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले. तो पोशाख मर्टलने बेतला आणि मर्टलनेच शिवला. स्वतःचाही तिनेच शिवला. तिचा जन्म १९०४ चा, म्हणजे त्या सभागृहातल्या पुष्कळ पोरांहून ती दहा-पंधरा वर्षांनी वडील. सर्व जगाची एक भाषा व्हावी म्हणून निघालेली एस्परांतो ती शिकली होती आणि तीतूनच तिने आपले टोपणनाव घेतले होते, 'मोरोयो'. ॲकरमनबरोबर ती एक हौशी मासिक काढत असे. त्यात मुख्यतः वाचकांची पत्रेच असत.

तिने जे केले ते जरा नीट पाहावे. चित्रकाराने चित्र काढले, की त्याचे काम संपते. चित्रातल्या माणसाला बाही कुठे जोडली आहे, चालताना झूल पायांत येईल की नाही, बसताना टीप उसवेल की काय, हे त्याने पाहायचे नसते. फ्रँक पॉलच्या भविष्याला पहिल्यांदा शिवण घातली ती मोरोयोने. कागदावरचे उद्याचे जग तिच्या हातून प्रथमच अंगावर चढवण्याजोगे झाले.

दोन महिन्यांत युरोपात महायुद्ध पेटले. तरी १९४० साली शिकागोच्या संमेलनात वेषांची स्पर्धा झाली आणि तेव्हापासून ती रूढच पडली. १९४१ साली डेन्व्हरला मोरोयो बेडकाच्या तोंडाची एक प्राणी होऊन आली. तो मुखवटा रे हॅरीहाउसेन या तरुणाने केला होता. चित्रपटांतल्या राक्षसांना हलते-चालते करणारा म्हणून तो पुढे जगभर गाजला. मग युद्धापायी संमेलने थांबली ती १९४६ पर्यंत. मोरोयो १९६४ साली वारली. ॲकरमनने तिच्या आठवणींचा एक छोटा अंक काढला. तिचे श्रेय त्याने कधी नाकारले नाही. पण सांगणाऱ्यांनी 'पहिला वेषधारी' म्हणून नाव सांगितले ते त्याचे. मीही तेच सांगितले होते.

पुढे या कलेला जे जगभर चालणारे नाव पडले ते 'कॉस्प्ले'. नोबुयुकी ताकाहाशी या जपानी पत्रकाराने १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते घडवले. आमच्या नातीच्या तोंडी तोच शब्द आहे.

* * *

'स्टार ट्रेक' ही मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. त्याआधी काही दिवस तिचे जनक जीन रॉडनबरी तिचे नमुने घेऊन क्लीव्हलंडच्या जागतिक संमेलनात गेले होते. मालिकेतले काही पोशाखही त्यांनी बरोबर नेले. तेथल्या वेष-सोहळ्यात ते पोशाख दाखवायला जागा करून दिली बीजो ट्रिंबल नावाच्या एका बाईने. या ओळखीचे फळ पुढे मिळायचे होते.

दुसऱ्या वर्षाअखेर मालिका बंद पडणार अशी कुणकुण आली. बीजो आणि तिचा नवरा जॉन यांनी घरी बसून पत्रव्यवहार आरंभला. नियम साधा होता: तू दहा जणांना लिहायला सांग, आणि त्या दहांनी आणखी दहांना सांगावे. छापील अर्ज नको. ज्याने त्याने आपल्या शब्दांत लिहावे. जानेवारी १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या तंत्रविद्यालयाचे विद्यार्थी मशाली घेऊन एनबीसी कंपनीच्या दारावर गेले. पत्रांचा आकडा कंपनीनेच एक लाखाच्या वर सांगितला. १ मार्च १९६८ रोजी भाग संपल्यावर निवेदकाने जाहीर केले, की मालिका पुढे चालू राहील. आणि कृपा करून आता पत्रे लिहू नका, अशी विनंतीही केली! एका वर्षाचे आयुष्य त्या पत्रांनी मिळवून दिले. १९६९ च्या जूनमध्ये मालिका संपली. एकंदर भाग ७९.

आता माझ्या ट्रंकेतल्या पुस्तकाकडे येतो. त्या काळी घरात चित्रफीत ठेवण्याची सोय नव्हती. भाग एकदा दिसला की गेला. पुन्हा दाखवतील तेव्हा खरा. तो जवळ ठेवायचा तर पुस्तकाच्या रूपानेच. म्हणून बँटम प्रकाशनाने जानेवारी १९६७ मध्ये जेम्स ब्लिश यांच्याकडून मालिकेच्या कथा लिहवून घेतल्या. ब्लिश हे मान्यवर लेखक. १९५९ चे ह्यूगो पारितोषिक मिळवलेले. पुढे ते इंग्लंडात राहायला गेले. त्यांच्या हाती पटकथांचे कच्चे खर्डे येत, त्यांवरून ते लिहीत. म्हणून पुस्तकातला प्रसंग आणि पडद्यावरचा प्रसंग कधी कधी जुळत नाहीत. मी मालिका पाहिली तेव्हा मला हे खटकले होते, आणि खरे सांगायचे तर पडदाच चुकला असे वाटले होते. १९७० साली त्यांनी मालिकेत नसलेली एक नवी कादंबरीही लिहिली. १९७५ साली ब्लिश वारले. बारावे पुस्तक त्यांच्या पत्नी जे. ए. लॉरेन्स यांनी पुरे करून १९७७ मध्ये काढले. तेव्हा उलगडा झाला, की मधल्या कित्येक पुस्तकांत या बाईंचा आणि त्यांच्या आईचा, म्हणजे ब्लिशच्या सासूबाईंचा, मोठा हात होता. दोघीही मालिकेच्या निस्सीम भक्त.

म्हणजे फोर्टातल्या फुटपाथवरून मी ज्या मालेतले पुस्तक उचलले, ती माला एका सासू-लेकीच्या जोडीनेही चालवली होती. कव्हरावर नाव जावयाचे.

बायकांचा हा हात सर्वत्र दिसतो. सप्टेंबर १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या देव्रा लँगसम आणि शेर्ना कमरफर्ड यांनी 'स्पॉकनेलिया' हे या मालिकेवरचे पहिले हौशी मासिक काढले. पहिल्याच अंकात स्पॉकची भूमिका करणाऱ्या लेनर्ड नेमॉयचे पत्र होते. अशा मासिकांतून नव्या कथा लिहिणाऱ्यांत बहुतेक बायकाच होत्या. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टॅटलर हिल्टन हॉटेलात मालिकेच्या चाहत्यांचे पहिले मोठे संमेलन भरले, त्याच्या संयोजकांत देव्रा लँगसम होतीच. अपेक्षा पाचशे माणसांची. आली तीन हजारांहून अधिक. मालिका बंद पडून अडीच वर्षे लोटली होती, हे ध्यानात घ्यावे. १९७६ साली पत्रांच्याच जोरावर अमेरिकेच्या पहिल्या अंतराळ-विमानाला मालिकेतल्या यानाचे 'एंटरप्राइझ' हे नाव मिळाले. ते चाचणीचे विमान होते, अंतराळात कधी गेले नाही. पण त्याच्या अनावरणाला मालिकेतले नट हजर होते.

* * *

अशा कादंबऱ्यांना साहित्यात मान नाही. उसन्या पात्रांवर पैशासाठी लिहिलेली, असा त्यांच्यावर शिक्का आहे, आणि त्यातल्या पुष्कळ तशा आहेतही. पण दोन-तीन गोष्टी नोंदवून ठेवण्यासारख्या आहेत.

'स्टार ट्रेक'मधला सुलू हा सुकाणूवाला १९६६ पासून पडद्यावर होता. त्याचे आडनाव तेवढे लोकांना ठाऊक होते. १९८१ साली व्होंडा मॅकिन्टायर या लेखिकेने आपल्या कादंबरीत त्याला 'हिकारू' हे नाव दिले. वाचकांनी ते उचलले. दहा वर्षांनी, १९९१ च्या चित्रपटात, ते पडद्यावर उच्चारले गेले. बारसे कादंबरीत झाले आणि पडद्याने ते मागाहून मान्य केले.

इंग्लंडातली 'डॉक्टर हू' ही मालिका १९६३ पासून चाललेली. बीबीसीने जुन्या फिती पुसून त्यांवर नवे कार्यक्रम घेतले, त्यामुळे १९६० नंतरच्या दशकातले जवळजवळ शंभर भाग चित्ररूपाने नाहीसे झाले. पण घरोघरच्या मुलांनी दूरचित्रवाणीपुढे टेपरेकॉर्डर धरून नुसता आवाज उतरवून ठेवला होता. गेलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे, तो या मुलांमुळे. आणि त्या भागांच्या कथा टार्गेट प्रकाशनाच्या स्वस्त पुस्तकांतून एका पिढीने वाचल्या. त्यांतली साठांहून अधिक एकट्या टेरन्स डिक्स यांनी लिहिली. १९८९ मध्ये मालिका बंद झाली, तरी १९९१ पासून नव्या कादंबऱ्या निघत राहिल्या. त्या लिहिणारे बरेचसे जुने चाहतेच होते. त्यांतल्या रसेल टी. डेव्हिस यांनी १९९६ मध्ये एक कादंबरी लिहिली, आणि २००५ साली तीच मालिका त्यांनी पुन्हा पडद्यावर आणली. ज्यांच्या मालकीची फीत होती त्यांनी ती पुसली, आणि राखली ती पाहणाऱ्यांनी.

मालक आणि रसिक यांचा हा तिढा सर्वांत ठसठशीत दिसतो तो 'स्टार वॉर्स'मध्ये. मूळ चित्रपट मे १९७७ चा; त्यावरची कादंबरी त्याआधी सहा महिने बाजारात आली. नाव जॉर्ज लुकस यांचे. लिहिणारा ॲलन डीन फॉस्टर. पुढे १९९१ पासून टिमथी झान आणि इतरांनी त्या विश्वात कादंबऱ्यांची रांगच लावली. साम्राज्याच्या राजधानीला झानने 'कोरुसांट' हे नाव दिले; ते लुकसने आपल्या चित्रपटांत घेतले. मग २५ एप्रिल २०१४ रोजी कंपनीने जाहीर केले, की या साऱ्या कादंबऱ्या यापुढे केवळ दंतकथा समजाव्यात. अधिकृत इतिहासात त्यांना जागा नाही. वीस-पंचवीस वर्षे ज्यांनी ती पात्रे सांभाळली, त्यांची लग्ने, बारशी, मृत्यू मनाशी धरले, त्यांना एका पत्रकाने सांगितले, की हे घडलेच नाही. नवे चित्रपट काढायचे तर मोकळी पाटी हवी, हे कंपनीचे म्हणणे समजण्यासारखे आहे. कायद्याने तर तिचा हक्क निर्विवाद. पण वाचलेले न-वाचलेले करण्याचा अधिकार कोणत्या कायद्यात असतो?

याच विश्वातली एक उलट गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना प्रांतातला ॲल्बिन जॉन्सन. मोटार अपघातानंतर त्याला एक पाय गमवावा लागला. मन रमवायला त्याने चित्रपटातल्या पांढऱ्या चिलखती शिपायाचा वेष केला. चिलखतात कृत्रिम पाय कोणाला दिसत नव्हता. १९९७ मध्ये त्याने अशा वेषधाऱ्यांची एक पलटण काढली, 'पाचशे एकावी'. प्लास्टिकचे पत्रे तापवून, साच्यावर बसवून, घासून ही माणसे चिलखते करतात आणि ती घालून रुग्णालयांत आजारी मुलांना भेटायला जातात. २००४ मध्ये झानने कादंबरीत त्या पलटणीचे नाव घातले. २००५ च्या चित्रपटाच्या विश्वातही ती पलटण आली. त्याच सुमारास जॉन्सनच्या लहान मुलीला मेंदूचा असाध्य आजार झाला. तिला एक यंत्रमानव सोबतीला हवा होता. हौशी कारागिरांनी तिच्यासाठी गुलाबी यंत्रमानव घडवायला घेतला. मुलगी ऑगस्ट २००५ मध्ये गेली. तो गुलाबी यंत्रमानव अजून मुलांच्या रुग्णालयांतून फिरतो, आणि २०१५ च्या चित्रपटात तो एका कोपऱ्यात उभा आहे. अधिकृत म्हणतात ते याहून वेगळे काय असते, मला कळत नाही.

* * *

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे, असे म्हणून वाचक पान उलटतील. त्याआधी एक घरचा धागा दाखवतो. १९६१ साली बीबीसीने 'ए फॉर अँड्रोमेडा' नावाची विज्ञानमालिका दाखवली. तिचे कर्ते दोघे: जॉन एलियट आणि केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. १९६२ मध्ये दोघांच्या नावाने तिची कादंबरीही निघाली. माझ्या ट्रंकेतल्या पुस्तकाच्या जातीचीच. त्या वेळी हॉइल यांच्या हाताखाली एक मराठी विद्यार्थी संशोधन करीत होता, जयंत विष्णू नारळीकर. विश्वाची रचना शोधणारा गुरू फावल्या वेळात कथा लिहितो, आणि त्यात कमीपणा मानत नाही, हे त्याने जवळून पाहिले.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ही ज. वि. ना. यांची उलटी केलेली आद्याक्षरे. नाव बदलले, तरी हस्ताक्षर परिषदेतल्या मंडळींच्या ओळखीचे. म्हणून ती कथा गणितज्ञ मंगलाताईंनी आपल्या हाताने उतरवून दिली होती. १९७४! त्याच वर्षी मी फोर्टात उभा राहून ब्लिश चाळत होतो, आणि असले काही मराठीत कोणी लिहील असे माझ्या स्वप्नातही नव्हते. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. मंगलाताई २०२३ मध्ये गेल्या, नारळीकर २०२५ मध्ये. वडिलांच्या त्या प्रश्नाला या दोघांच्या आधाराने मी काही तरी उत्तर देऊ शकलो असतो.

* * *

सदरा दिवाळीच्या पाडव्याला तयार झाला. यंत्राला तेल घातले, पट्टा बदलला, आणि दोन दिवस घरात तो जुना खडखडाट पुन्हा घुमला. नातीने सदरा घातला, कानांना रबरी टोके लावली आणि अंगणात, पणत्यांच्या उजेडात, गंभीर चेहऱ्याने उभी राहिली. मुंबईला कोणी तुला पोशाखाबद्दल विचारले तर काय सांगशील, असे मी विचारले. ती म्हणाली, "सांगणार की! स्पॉक व्हल्कनचा आणि सदरा वेंगुर्ल्याचा."

मी ब्लिशचे पुस्तक तिला देऊन टाकले. पहिल्या पानावर पन्नास वर्षांपूर्वीची माझी सही होती. तिच्याखाली तिने आपले नाव लिहिले. मग थोडा विचार करून लेखकाच्या नावापुढे पेन्सिलीने 'आणि बायको आणि सासूबाई' असे जोडले.

एवढ्यात आतून हाक आली. डाव्या बाहीची सोनेरी पट्टी एका टोकाला सुटली होती. ती हातशिलाईनेच घालावी लागणार, आणि रात्रीच्या दिव्यात सौ.ला सुईचे भोक दिसेना.

"इतिहास झाला असेल तर जरा सुई ओवून द्या," ती म्हणाली.

मी चष्मा चढवला, दोऱ्याचे टोक ओले केले आणि सुई उजेडाकडे धरली.